आईचं फोल्डर

आमचे आप्पा भिंगारला लष्कराच्या भांडारात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर शेजाऱ्यांच्या भांडणात पडतात. आप्पा लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायला शिकले. मी घरून काम करायचे त्या दिवसांत ते खुर्ची ओढून शेजारी बसत आणि हे काय, ते कशाला, असं विचारून माझं डोकं खात. पण लॅपटॉपवरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवणारी आरसिंक नावाची कमांड त्यांनी अशी घोटली, की शेवटी मीच गप्प बसले.

तिची अक्षरं त्यांना तोंडपाठ. ए लावलं की फाइली तारखांसकट जशाच्या तशा जातात. व्ही लावलं की काय चाललंय ते ती बोलून दाखवते. आणि एन लावलं की कशालाही हात न लावता, काय होईल तेवढं सांगते. हे एन त्यांचं लाडकं. आधी एन लावून यादी वाचायची, मगच खरी कमांड. ताकही फुंकून पिणारा माणूस! पुढे त्यांनी आपणहून डिलीट जोडलं, म्हणजे लॅपटॉपवर जे नाही ते डिस्कवरूनही काढून टाक. नाव बदललेले फोटो डिस्कवर दोनदा दिसायचे, ते त्यांना बघवत नव्हतं. साठा जुळलाच पाहिजे, ही नोकरीभरची खोड. जपून वापरा, असं मी म्हटलं होतं. त्यांनी मान हलवली.

आई आजारी पडली तेव्हा तिच्या खाटेशी लॅपटॉप ठेवून आम्ही तिला बोलतं केलं आणि ते सगळं रेकॉर्ड करून एका फोल्डरमध्ये ठेवलं. हुलग्याचे शेंगोळे कसे वळायचे, तिच्या माहेरी पाथर्डीकडे लग्नात काय काय व्हायचं, आणि मधेच आप्पांवर डाफरणं. तिचा आवाज म्हणून आमच्याकडे एवढंच होतं.

ती गेल्यावर लॅपटॉप उघडला की ते फोल्डर समोर यायचं आणि आप्पांचा दिवस तिथंच संपायचा. एका दुपारी त्यांनी ते लॅपटॉपवरून काढून टाकलं. डिस्कवर आहेच, मन घट्ट झालं की ऐकू, असा विचार. संध्याकाळी नेहमीप्रमाणे आरसिंक. आधी एन लावलं. आईच्या एकेका फाइलीच्या नावाआधी ‘डिलीटिंग’ असं आलं. त्यांनी ती सगळी यादी वाचली. त्यांना वाटलं, दुपारी आपण लॅपटॉपवरून काढलं त्याचंच ही सांगतेय. मग एन काढून एंटर दाबलं.

हे कळलं ते वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी. मी पुण्याहून आले होते, आता ऐकू या म्हणून त्यांनी स्वतःच डिस्क जोडली, तर तिथं ते फोल्डर नव्हतंच. तोवर डिस्कवर त्या पुसलेल्या जागेत नातवंडांचे कितीतरी व्हिडिओ चढले होते. मला येत होतं ते सगळं मी केलं, नगरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या दुकानदारानेही हात टेकले. राग इतका आला की स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. पण ज्याने आधी विचारून, वाचून, मगच बटण दाबलं, त्याच्यावर रागावणार तरी काय?

चार दिवसांनी मी माझा फोन त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, आई काय बोलली होती ते तुम्ही सांगा, निदान तेवढं तरी राहील. ते सांगू लागले. शेंगोळ्यांचं पीठ, लसूण, आधण, एकही गोष्ट चुकली नाही. मग मधेच थांबले.

“बोलनं समदं ध्यानात हाय,” ते म्हणाले. “तिचा आवाज येत न्हाई. तुला येतो का गं?”

मी हो म्हणाले. खरंच येत होता, कानात अगदी स्पष्ट.

“मग तू बोल. मी ऐकतो.”

ते डोळे मिटून बसले. मी बोलायला सुरुवात केली, आणि तो माझाच आवाज होता.