तिला बटण लावता आलं तो दिवस

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. शाळेत जाताना तिच्या शर्टाची बटणं अजून मीच लावतो. तिला ती लावता येतात, हे मला माहीत आहे.

ती तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. वर्गातली मुलं धडे वाचू लागली आणि हिची अक्षरं काही केल्या एकमेकांना जुळेनात. बोलणंही वयाच्या मानानं लहान. मुख्याध्यापिका बाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "तिच्यासाठी विशेष शिक्षिका मागता येतील, सोपी प्रश्नपत्रिकाही मिळेल. पण मला कागद द्या. नुसत्या माझ्या शब्दावर वरून काही हलत नाही."

कागद म्हणजे सरकारी दवाखान्यात तपासणी होऊन मिळणारं प्रमाणपत्र. त्यासाठी अपंगत्वाची ठरलेली टक्केवारी भरावी लागते. ती भरली नाही तर पोर वर्गात मागेच राहणार, आणि मदतही नाही.

विचुंब्याला राहणारी माझी आई ऐकून भडकलीच. "पोरीचा कागद करता तुमी? काय नाय झालं तिला. उद्या मागणं कोण घालील?"

"आई, शाळेत मागे पडतेय ती."

"तू शिकून कुठं कलेक्टर झालास? गोडावनातच हायस ना!"

तरी आम्ही ठरवलं. मग मी शाळेत, दवाखान्यात, जो विचारेल त्याच्यापुढे एकच पाढा म्हणू लागलो. वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, बटणं लावता येत नाहीत. ती माझ्या शेजारीच बसलेली असायची. पहिल्यांदा जीभ अडखळली. नंतर सवय झाली.

बटणांचं म्हणाल तर तेव्हा माझी पहिली पाळी होती. द्रोणागिरीच्या गोदामाकडे जाणारी कंपनीची बस रोडपालीच्या कोपऱ्यावर थांबायची. बायको डब्यांच्या घाईत, म्हणून मुलीला तयार करणं माझ्याकडे. ती एका बटणाशी झटत बसायची. मी तिचे हात बाजूला करायचो आणि सगळी बटणं भराभर लावून मोकळा व्हायचो.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यातल्या मॅडमनी तिच्यापुढे बटणं शिवलेला एक कापडी तुकडा ठेवला.

"हे नाही जमत तिला," मी लगेच म्हणालो.

"बघू तरी," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीला टेकून बसल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

मुलीनं तुकडा मांडीवर घेतला. बटण घसरलं, पुन्हा घसरलं. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली. आणि बटण काजात गेलं. मग दुसरंही गेलं. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा फुलला होता, की तसा तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

माझ्या मनात काय आलं? झालं, टक्केवारी घसरली. मी मान खाली घातली. "आजच कसं काय केलं कोण जाणे, मॅडम," मी म्हणालो. पोरीनं काही खोडी केली असावी आणि मी तिच्या वतीनं माफी मागत असावा, असा माझा आवाज होता.

परतताना रिक्षात ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली होती. माझ्या बाहीला धरून म्हणाली, "पप्पा, चुकलं?"

"नाही गं," मी म्हणालो, पण बाहेर बघत.

बायकोनं तिला जवळ ओढलं. "अहो, शाबास म्हणायला जीभ झडत होती का तुमची?"

कागद मिळाला. त्या दोन बटणांनी काहीच फरक पडला नव्हता. शाळेत विशेष शिक्षिका येऊ लागल्या. मुलगी आता दुकानांच्या पाट्या वाचते, चुकतमाकत. जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

या वर्षीच्या पालकसभेत शिक्षिका कौतुकानं म्हणाल्या, "खेळाच्या तासानंतर शर्ट बदलते, बटणं स्वतःची स्वतः लावते. शेजारच्या मुलीचीही लावून देते."

"घरी नाही लावत," मी म्हणालो.

"माझ्यासमोर लावते की," बायको म्हणाली.

मी दुसरी पाळी मागून घेतली. आता सकाळी मला कुठंच जायचं नसतं. शर्ट तिच्या अंगात घालतो आणि समोर बसून राहतो. ती हात सोडून, मान उंच करून उभी राहते. "लाव ना, पप्पा." मी म्हणतो, "तू लाव, मी बघतो." ती हसते आणि मान हलवते. तिला जमत नाही म्हटलं की पप्पांना बरं वाटतं, असं तिनं कधीतरी ओळखून घेतलं असावं. तिची समज कमी आहे, असं मीच सगळ्यांना सांगत आलो होतो.

तिची व्हॅन खाली हॉर्न देऊ लागली की मी लावतो. वरचं एक मुद्दाम उघडं ठेवतो.

दुपारी मी कामावर निघायच्या आत ती परत येते. दारातच दप्तर टाकते, आईला हाक मारते, पाणी मागते. वरचं बटण लावलेलं असतं. मी विचारत नाही. ती पाणी पिऊन होईपर्यंत तिथेच उभा राहतो. न जाणो, आज त्या दिवसासारखी माझ्याकडे बघेल.