धुराजवळ कोण असतं

गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी राहात्याजवळच्या प्लास्टिक कारखान्यात आरोग्य तपासणी झाली. पॅकिंगच्या बायकांची झाली. आम्हा चौघींची झाली नाही.

कारखान्यात शेतातले जुने ठिबकचे पाइप आणि फवारणीचे रिकामे कॅन येतात. ते वितळवून दाणा करतात. एका जातीच्या प्लास्टिकमध्ये दुसऱ्या जातीचं मिसळलं की दाणा बिघडतो. म्हणून आधी निवड. तुकडा कापायचा, काडी लावायची, विझवायची, धूर नाकात घ्यायचा. मेणबत्तीसारखा वास आला की एका पोत्यात. नाकाला झोंबला की दुसऱ्यात. दिवसभर. पॅकिंगला गावातल्या शेतकरी घरांतल्या बायका. धुराला आमच्या वस्तीतल्या चौघी. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

डॉक्टरबाई आमच्याकडे वळल्या, तेव्हा सुपरवायझर भाऊसाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या म्याडम. ह्यांना काय व्हत न्हाई. ह्यांच्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं वढली. वास अंगवळणीच हाय."

पॅकिंगची एक बाई म्हणाली, "आन आमाला अगरबत्तीचाबी तरास व्हतो बाई!" सगळ्या हसल्या.

मीही हसले.

माझ्या आधी आई तिथे अकरा वर्षं होती. आईनेच मला वास शिकवले. मग ती बोलायची थांबली. रडत नव्हती. पीठ परातीत काढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. पीठ तसंच राहायचं. वस्तीत कुणी म्हणालं आळस, कुणी म्हणालं बाहेरचं. नगरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. विचारलं, "काम काय करतात?"

मी म्हणाले, "घरीच असतात."

लाज वाटली होती. आईने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर दीड वर्षाने ती गेली. त्या दीड वर्षात तिने मला हाक मारली नाही.

त्या उन्हाळ्याआधीच्या दिवाळीपासून मला भाकरीचा वास येत नाही. सकाळी जाग येते, पण उठवत नाही. एकदा भानावर आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. समोर परात होती.

त्या सोमवारी डॉक्टरबाई म्हणाल्या, "अशा धुरानं मनावरही परिणाम होतो का, ते आम्ही पाहतोय. इथे धुराजवळ कोण असतं?"

भाऊसाहेब म्हणाले, "कुनीच न्हाई. मशीन हाय."

मी उठले. "मी असते."

"ए, बस खाली."

"मी असते. ह्या तिघी असत्यात. माज्या आदी आई हुती."

भाऊसाहेबांनी पोत्यातला एक तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. "लई बोलाया लागलीस. कामाला लाग. ह्यो कंचा माल, सांग."

मी काडीपेटी त्यांच्या हातात दिली. "आज तुमी घ्या वास, भाऊसाहेब."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. त्यांनी तुकडा खाली टाकला. काडी ओढली नाही.

डॉक्टरबाईंनी फॉर्म पुढे ओढला. माझं नाव विचारलं, काम विचारलं. मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं. मग मी आईचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "हयात नसलेल्यांसाठी रकाना नाही."

"मंग माज्या नावाखाली लिवा."

त्यांनी लिहिलं.

मंगळवारी फाटकावर मला अडवलं. बाकीच्या तिघी आत गेल्या आणि काडी न ओढता पोत्यांपाशी बसून राहिल्या. दुपारी त्यांनाही बाहेर काढलं.

गुरुवारी आम्ही चौघी नगरला कामगार कार्यालयात गेलो. अर्ज मी लिहिला. त्यात आम्ही काय जाळत होतो, कसं हुंगत होतो आणि किती वर्षं, ते आहे. सुपरवायझर आमच्या बापजाद्यांबद्दल काय म्हणाले, तेही शब्दशः आहे. कारकुनाने तेवढं वाक्य वगळायला सांगितलं. मी वगळलं नाही. अर्ज त्या वाक्यासह दाखल झाला.