रुमालाखालचं पुस्तक

चार मास्तर जमले की पोरांच्या गोष्टी निघतात आणि चार दलाल जमले की भावाच्या. मी दोन्हींत सापडलेला माणूस. अमरावतीत दिवसा शाळा शिकवायचो आणि संध्याकाळी लायब्ररीचं कपाट उघडून बसायचो. तेव्हा कपाटात पुस्तकं कमी आणि पुस्तकांवरच्या तक्रारी जास्त! एक तक्रार आठवली की तिच्या पदराला धरून दुसरी येते.

काळ कापसाचा होता. तिकडे अमेरिकेत भाऊभाऊ लढत होते, विलायतेच्या गिरण्या उपाशी बसल्या होत्या आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अकोल्याच्या व्यापाऱ्यांनी लायब्ररी काढली. झालं! आमचे गणपतशेठ बाजारात उभे राहून म्हणाले, "अकोल्याले हाय त अमरावतीले काहून नाही?"

कमिटी झाली, शेठ प्रेसिडेंट झाले, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. मी विचारलं, "शेठ, पुस्तकं कोणती मागवू?"

"दोन गाठी मागवा."

"पण कशी?"

"लांब धाग्याची पाहा मास्तर. लवकर संपली नाही पाहिजेत!"

*

शाळेतली तक्रार निराळीच. मी भूगोलात अमेरिका शिकवत होतो. मोर्शीकडचे एक पाटील थेट वर्गात आले. पोराला चुलत्याकडे ठेवून शिकवत होते, आणि स्वतः कापूस विकायला आले होते.

"मास्तर, ते अमेरिकेचं पान फाडून टाका."

"का हो पाटील?"

"तुमी साऱ्या पोरायकडून रोज त्या देशाचं नाव घेऊन रायले. तिकडं त्यायले उचक्या लागत असतीन का नाही? उचकी लागली का मानूस लढाई थांबवून पानी प्यायले बसते. एकडाव लढाई थांबली त भाव पडन ना!"

मी म्हटलं, "पाटील, मी भूगोल शिकवतो, बाजार चालवत नाही." ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी मी पोरांकडून अमेरिका दुप्पट मोठ्यानं म्हणवून घेतली. पुढे लढाई खरंच थांबली, भाव खरंच पडला. पाटील आजही माझ्याशी बोलत नाहीत.

*

गणपतशेठची पुस्तक तपासायची रीत व्यापारी होती. गाठीचा वरचा कापूस कोणी बघत नाही. वर चांगला लावून आत कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, भरणारे लोक असतात. म्हणून गाठ मधोमध फाडायची आणि मूठभर नमुना काढायचा. शेठ पुस्तकही मधोमध उघडायचे, एक पान वाचायचे आणि निकाल द्यायचे.

एकदा देवाच्या माहात्म्याची पोथी आली. शेठनी मधलं पान उघडलं. तिथे नेमका राक्षस दरबारात बसून देवाला शिव्या घालत होता.

"हे काय आणलं मास्तर? देवधर्म बुडवनारं पुस्तक! काढा बाहेर!"

पोथी बाहेर गेली. चातुर्मासात देवळातले पुराणिकबुवा ती मागायला आले तेव्हा मी त्यांना शेठच्या पेढीवर पाठवलं. मी कशाला निस्तरू?

*

अकोल्याला माझा एक मित्र लायब्ररी सांभाळायचा. रेल्वेनं आमचं पार्सल त्याच्याकडेच उतरायचं, म्हणून माझं जाणं-येणं असे. त्याच्या कमिटीनं वाईट ठरवलेल्या पुस्तकांसाठी वेगळा कप्पा करून त्यावर 'वर्ज्य' अशी पाटी लावली होती. तेव्हापासून बाकीच्या कप्प्यांना कुणी हातच लावेना!

मित्र माझ्यासारखाच आडमुठा. त्यानं नीतीच्या उपदेशाचं एक जाडजूड, कुणी न उघडलेलं पुस्तक गुपचूप त्या कप्प्यात सरकवलं. दुसऱ्याच दिवशी एक वकील ते धोतराच्या सोग्यात लपवून घेऊन गेले. आठवड्यानं परत आणलं.

"पुरं वाचलं हो," ते कुजबुजले, "पन त्यातलं वाईट काय, ते काही सापडलं नाही. दुसरा भाग हाय का?"

*

आता 'त्या' पुस्तकाची गोष्ट. एका विधवेची कादंबरी होती. सासरचा जाच सोडून ती शिकायला निघते, एवढंच. माझी थोरली बहीण अक्का स्वतः विधवा. तिला मीच वाचायला शिकवलं होतं. कोनाड्यापाशी बसून रोज दोन-दोन पानं ती बोट ठेवून वाचायची. असं पुस्तक तिच्या हाती पहिल्यांदाच पडलं होतं. अर्धं झालं आणि गणपतशेठनी तक्रार आणली. पुस्तक कमिटीपुढे ठेवा!

मी ते मागितलं तेव्हा अक्का भडकली. "अरे, ते बाई पुरात उभी हाय, पानी कमरेले लागलं, अन् तू पुस्तक घेऊन चालला? पुस्तक परत आलं नाही त आज सयपाक नाही!"

सभेत शेठ उभे राहिले. "म्या मधलं पान पाह्यलं. बाई एकटी नदीत उभी, लुगडं भिजलेलं! असं पुस्तक घराघरात गेलं त काय होईन?"

मला राहवलं नाही. मी कपाटाची किल्ली मेजावर आपटली. "ते माझ्याच घरात गेलंय! माझी अक्का ते वाचतेय, आणि ती बाई जितक्या पाण्यात उभी आहे तितक्याच पाण्यात माझी अक्का उभी आहे. पुस्तक गेलं तर ही किल्लीही तुमची!"

बहिणीचं नाव असं चारचौघांत घेतलं, याचं मला अजूनही काही वाटत नाही.

शेठ म्हणाले, "उघड मत घेतलं त मास्तराच्या भिडेनं कोनी खरं बोलनार नाही. रुमालाखाली होऊ द्या."

म्हणजे बाजारातली रीत. हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं दाबून भाव सांगायचा. मधला दलाल फक्त ठरलेला सौदा बोलतो, आणि ठरलेला सौदा फिरत नाही. रामजी दलालाला बोलावलं. एक बोट दाबलं तर पुस्तक ठेवायचं, दोन दाबली तर काढायचं. पाच मेंबरांनी एकेक करून रुमालाखाली हात घातला. शेवटचा, पाचवा हात शेठचा.

रामजीनं रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

"सौदा झाला. पाचायचाई एकच भाव. ठेवाचं!"

पाची जण एकमेकांकडे बघत राहिले. मग कुणाला जोडा सापडेना, कुणाला बैलगाडी आठवली. खोली रिकामी झाली.

गणपतशेठ तेवढे मागे थांबले. पागोटं सारखं केलं, पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं, आणि दाराकडे बघत हळूच म्हणाले,

"अक्काले सांगजा मास्तर, घाबरू नको म्हना. ते बाई निंगते पुरातून."