मुंडकी चिकटवलेले बोल्ट

धुळ्याच्या फॅब्रिकेटरने मला फसवलं आणि जळगावच्या इंजिनिअरने न बघता त्या फसवणुकीवर सही केली.

चटयांच्या धंद्यात मी उतरलो तो बोदवडच्या बाजारात, सायकलला गठ्ठे बांधून. फुकट काही मिळालं नाही, म्हणून प्रत्येक गोष्ट ठोकून बघायची खोड लागली. गोडाऊनची जागा भाड्याची. आतला लोखंडी माळा उद्या खोलून नेता आला पाहिजे, म्हणून वेल्डिंग नको, बोल्टच हवेत, हे मी माळा बांधणाऱ्या त्या फॅब्रिकेटरला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खांब चौकोनी, पोकळ, चारी बाजूंनी बंद. आत हात जात नाही, मग नट कोण धरणार? त्यासाठी आत गेल्यावर फुलून घट्ट बसणारे बोल्ट मिळतात. तेच ठरले. बाकी सगळ्यावर मी घासाघीस केली, या बोल्टांवर एका शब्दानेही नाही.

बोल्ट पूर्ण आवळला की त्याच्यावरून प्लेटपर्यंत लाल रेघ ओढतात. पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. माझ्या माळ्याला प्रत्येक बोल्टावर रेघ होती. सरळ, सुबक.

माल चढवायच्या आदल्या दिवशी मी पाना घेऊन शिडी चढलो. खाली चौघी बायका चटयांच्या कडा शिवत होत्या. त्यांतली वयस्कर अक्का म्हणाली, "नाना, आता बोल्टाशीबी भाव करता का?"

पाना फिरेना. हातोडी मारली, तर मुंडकं तुटून अक्काच्या पायाशी पडलं. मागे बोल्टच नव्हता. खांबाला भोकसुद्धा नव्हतं. कापलेली मुंडकी प्लेटवर चिकटवलेली, आणि तुळई वेल्डिंगच्या चार ठिपक्यांवर लटकलेली. फटीत लांबी भरलेली, वरून रंग. सडकं फळ हातात फुटावं तशी किळस आली.

फॅब्रिकेटरला फोन लावला. म्हणाला, "नाना, बठ्ठं फिट शे. हातोडी कसाले मारी?" म्हणे सगळं घट्ट आहे, मी हातोडी मारलीच कशाला.

इंजिनिअर तर त्याहून थोर. "फोटोत रेघ दिसत होती," म्हणाला.

अक्काने मुंडकं उचलून तळहातावर धरलं. तिची जागा बरोबर त्या तुळईखाली. "याच्या भरवशावर आम्ही खाली बसणार होतो?" तिने मला विचारलं. मला.

ज्याने सही केली त्याने गोडाऊनमध्ये यावं, अक्काच्या जागेवर बसावं, वर बघावं आणि तिला उत्तर द्यावं.