डाव्या मनगटावरचं घड्याळ

लेकीने परदेशातून पाठवलेल्या घड्याळाच्या पोटाशी एक हिरवा दिवा लुकलुकतो. त्या उजेडात ते माझी नाडी बघतं आणि तिच्या फोनवर कळवतं. पण माझ्या डाव्या मनगटावर बायकोचं, सुमनचं, नाव आहे. ती गेल्यावर मी ते गोंदवून घेतलं. गोंदणाऱ्या मुलीने माझ्यासमोर नवी सुई उघडून दाखवली. शाई दाट आहे, उजेड आत पोचत नाही आणि घड्याळाला वाटतं, इथे कुणी नाहीच.

मग लेकीचा फोन यायचा. "बाबा, घड्याळ काढून ठेवलंत का?"

"अगं, हातातच आहे."

शेवटी हे घड्याळ विकत घेणाऱ्यांचे अभिप्राय वाचून तिनेच उपाय शोधला: गोंदण असेल तर दुसऱ्या हातात घाला. घातलं. नाडी बिनचूक दिसू लागली. माणूस ठीक आहे हे यंत्रच कळवू लागलं, की त्याला विचारायचं काही उरत नाही, हे मात्र कुठल्याच अभिप्रायात नव्हतं. आठ दिवस फोन वाजला नाही.

आज चहा झाल्यावर मी घड्याळ उजव्या हातातून काढलं आणि सुमनच्या नावावर बांधलं. आता फोन जवळ घेऊन बसलोय.