वास नसलेली पुडी

कॉलेजची बस तुमसरजवळ आली की राईस मिलमधल्या उकडलेल्या धानाचा आंबूस वास येतो आणि मला मामांचं दार आठवतं. मामेभाऊ मिलमधून आला की मामा दारातच त्याचं तोंड हुंगायचे. आजोबा दारूनं गेले, तेव्हापासूनचा हा त्यांचा नेम. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो, त्या संध्याकाळीही त्यांनी हुंगलं आणि खूश झाले. "पोरगा दोन-दोन पाळ्या करते, पण थेंबाले शिवत नाही!" भावाचे डोळे ताठरले होते, जबडा सारखा हलत होता. जागं राहायला मिलमधली पोरं पांढरी पुडी घेतात, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मी चाचरत म्हणालो, "मामा, तो झोपतच नाही. नशा करून राहिला. त्या पुडीले वास नसते." भाऊ हसला. "कालेजात गेला तं डाक्टर झाला का बे?" मामाही हसले. "वासच नाही तं नशा कायची? जेव मुकाट्यानं." मी पुन्हा सांगितलं, मामीलाही सांगितलं, सगळे त्याच्या मेहनतीचंच कौतुक करत राहिले. आता तो नागपूरला व्यसनमुक्ती केंद्रात आहे. आम्ही भेटायला गेलो की मामा अजूनही आधी त्याचं तोंडच हुंगतात.