हळदीच्या ड्रमासमोर बिलकीसचाची

हंगामात गोपीचंदशेठच्या शेडमधला पॉलिशचा ड्रम सकाळी सातला फिरू लागतो. आत हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल आणि माती सुटते, आणि ती पिवळी धूळ रांगेतल्या ट्रकांच्या धुरात मिसळून समोरच्या घरात शिरते. ते घर बिलकीसचाचींचं. हिंगोलीच्या या गल्लीत ब्लाउज शिवून त्यांनी तीन पोरं वाढवली.

धुळीला त्या कधी घाबरल्या नाहीत. गल्लीत कुणीच घाबरत नसे, कारण हळद म्हणजे औषध. नात तरन्नुमला तान्हेपणी सर्दी झाली, की चाची तिला घेऊन मुद्दाम शेडच्या दारात उभ्या राहत. चार श्वास आत जावेत म्हणून.

तरन्नुम आता सात वर्षांची आहे आणि दप्तरात श्वासाचा पंप ठेवते. नांदेडच्या डॉक्टरांना चाचींनी सगळं सांगितलं, दारात उभं राहण्याचंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "दुधातली हळद वेगळी, फुप्फुसातली वेगळी. ही धूळ थांबली नाही तर पोरीचा त्रास वाढेल. जमलं तर घर बदला."

"घर मी काहून बदलू?" परतताना बसमध्ये त्या मुलाला, साजीदला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिलाई मशीन शेडच्या फाटकात मांडलं. हळदीची गाडी बाहेरच अडकली. हमाल हसू लागले.

"चाची, इथंच दुकान टाकलं का?"

"व्हय. तुझी बाही उसवली, आण इकडं."

गोपीचंदशेठ धावत आला. "उठा चाची. हळदच हाय ना, जहर थोडंच हाय?"

"मग तुमच्या नातवाला आणा. पुष्करला बसू द्या माझ्याजवळ दिवसभर."

शेठचा चेहरा उतरला. "माझं लेकरू काहून मधी आणता?"

"माझं तर सात वर्षांपासून मधीच हाय."

ड्रम चालवणाऱ्या उत्तमसिंगनं तोंडावरचा रुमाल खाली ओढला. खोकला आवरत म्हणाला, "शेठ, ड्रमला बंद पेटी अन् धूळ ओढायचा पंखा लावा. दोन हंगामांपासून सांगून राहिलो."

शेठनं एकदा अडकलेल्या गाडीकडे पाहिलं, मग मिस्त्रीला फोन लावला. "आठ दिवसांत बसवतो. आता तरी उठा!"

"बसवा. तवर मी हाय इथं, अन् ड्रम बंद."

शेठ काही बोलायच्या आत उत्तमसिंगनं बटन दाबून ड्रम थांबवला.